राजमा मुळात कुठला? आणि घेवडा म्हणजे तोच का?

कोथरूडची सून:
माझ्या सासूबाई कोरेगावच्या, साताऱ्याकडच्या, त्या वाघ्या घेवड्याची आमटी फार छान करतात. ऑफिसात माझ्या शेजारी जम्मूची मैत्रीण बसते, काल तिच्या डब्यातला राजमा चावल खाल्ला तर चव एकदम ओळखीची वाटली, फक्त दाणा मोठा आणि लाल. ती म्हणते राजमा आमचा, सासूबाई म्हणतात घेवडा आमचा. खरं काय? आणि लेकीला प्रोटीनसाठी आठवड्यातून दोनदा दिला तर जड पडेल का?

बिबवेवाडीकर:
दोघींचं एकच झाड आहे हो! शास्त्रीय नाव फेसिओलस व्हल्गॅरिस. मंडईत आपण श्रावण घेवडा घेतो ना, त्यापण ह्याच जातीच्या कोवळ्या शेंगा. मूळ मात्र मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरातलं, दोन्हीकडे लोकांनी वेगवेगळं लागवडीत आणलं. १४९२ नंतर युरोपात गेलं आणि मग आपल्याकडे आलं. राजम्यात पडणारा टोमॅटो आणि मिरची पण तिकडचीच. तरी कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्यामुळे सासूबाईंचा अभिमान अगदी रास्त आहे.

डाएटवाली ताई:
दोनदा खुशाल द्या. १०० ग्रॅम शिजलेल्या राजम्यात साधारण ८-९ ग्रॅम प्रोटीन, ६-७ ग्रॅम फायबर, शिवाय लोह आणि फोलेट. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं, त्यातलं मेथिओनिन कडधान्यात कमी असतं, भातात लायसिन कमी, दोन्ही एकत्र खाल्ले की एकमेकांची उणीव भरून निघते, म्हणून भाताबरोबरच द्या. वर लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा नको. सवय नसेल तर आधी अर्धी वाटीच.

सिंहगड रोड:
एक कळकळीचं सांगते, कच्चट अजिबात ठेवू नका. मी एकदा घाईत न भिजवता स्लो कुकरमध्ये लावला होता, दाणा मऊ वाटला म्हणून वाढला आणि दोन-तीन तासांत घरात सगळ्यांना उलट्या सुरू. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, लाल राजम्यात जास्त, ते मंद आचेवर जात नाही, चांगली खळखळून उकळी लागते. रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नवीन पाण्यात कुकरला भरपूर शिट्ट्या करा, दाणा बोटानं दाबल्यावर पूर्ण चिरडला पाहिजे.

कोथरूडची सून:
सगळ्यांना खूप थँक्यू! सासूबाईंना वाचून दाखवलं, म्हणाल्या भिजवलेलं पाणी आम्ही कायम ओतूनच देतो. रविवारी मैत्रिणीला आमटी खायला बोलावलंय.