डिस्चार्जच्या वेळी भरून घेतलेल्या फॉर्मवरून रुग्णाचा अनुभव खरोखर कळतो का?

प्रश्न – दक्षिणकोकणी

नमस्कार. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी ६० खाटांचे धर्मादाय रुग्णालय आहे. तेथे गुणवत्तेच्या कामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. एनएबीएच या रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या तपासणीच्या तयारीचा भाग म्हणून आम्ही दहा प्रश्नांचा अभिप्राय फॉर्म सुरू केला. उत्तम, चांगले, बरे, असमाधानकारक आणि वाईट असे त्यात पाच रकाने आहेत. दर महिन्याची सरासरी ५ पैकी ४.६ ते ४.८ येते, विश्वस्तांच्या बैठकीत ती वाचून दाखवली जाते आणि विषय तेथेच संपतो.

गेल्या महिन्यात मी एक सकाळ बिलिंग काउंटरजवळ बसून काढली. हर्नियाच्या ऑपरेशननंतर घरी निघालेल्या एका आजोबांचा मुलगा काउंटरवर उभा होता. त्याच्या एका हातात औषधांची पिशवी होती, काखेत फाईल होती आणि बाहेर रिक्षा खोळंबली होती. समोर फॉर्म येताच त्याने ‘उत्तम’च्या रकान्यातून वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढली आणि वडिलांच्या नावाने सही केली. आजोबा दहा पावलांवर व्हीलचेअरमध्ये बसले होते, परंतु त्यांना कोणी काही विचारले नाही. मी त्यांना रॅम्पपर्यंत सोडायला गेलो, तेव्हा ते आपण होऊन बोलले. रात्री दोनदा बेल दाबूनही कोणी आले नाही, म्हणून सलाईनचा स्टँड धरून ते एकटेच बाथरूमला गेले होते. वर ते म्हणाले, “पण सिस्टर बिचारी एकटीच होती हो.”

त्यांचा फॉर्म त्या महिन्याच्या सरासरीत ५ पैकी ५ असा जमा झाला. ही मोजणी प्रामाणिक व्हावी असे मला मनापासून वाटते. कोणते प्रश्न विचारावेत, कधी विचारावेत आणि ते कोणी विचारावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – निवृत्त वॉर्ड सिस्टर

मी ३१ वर्षे वॉर्डात काढली, त्यांतली शेवटची नऊ इन्चार्ज म्हणून. आमच्याकडे कमी गुणांचा फॉर्म आला, की दुसऱ्या दिवशी त्या पाळीच्या सिस्टरला लेखी खुलासा द्यावा लागे. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. जे रुग्ण हसतमुखाने घरी जात त्यांच्या हाती फॉर्म पडे, आणि जे कुरकुरत जात त्यांच्या वेळी फॉर्म संपलेले असत. मुली खोट्या नव्हत्या, त्या घाबरलेल्या होत्या. त्यामुळे या अभिप्रायावरून कोणाही एका व्यक्तीवर कारवाई होणार नाही, हे आधी व्यवस्थापनाकडून लेखी घ्या.

दुसरे असे, की रुग्णाला टाके काढायला पुन्हा त्याच सिस्टरकडे यायचे असते. तो तिच्यासमोर वाईट लिहील ही अपेक्षाच गैर आहे. वॉर्डाशी, बिलाशी किंवा उपचाराशी संबंध नसलेल्या माणसाने विचारले पाहिजे.

आपल्या रकान्यांतला ‘बरे’ हा शब्दही कृपा करून काढून टाका. आजारी माणसाला कसे वाटते असे विचारले, की तो “बरं आहे” म्हणतो. त्याच्या लेखी ते चांगले उत्तर असते आणि आपण मात्र त्याला मधले गुण देतो. ‘उत्तम’ आणि ‘चांगले’ यांत किती अंतर आहे, हे मलाही नेमके सांगता येणार नाही.

आणि त्या आजोबांच्या खाटेची बेल वाजते का, हे रुग्णांना काही विचारण्याआधी स्वतः दाबून पाहा.

उत्तर २ – सार्वजनिक आरोग्य, पुणे

सिस्टरांनी शब्दांविषयी लिहिले आहे, तेच या विषयाचे मूळ आहे. समाधान म्हणजे अपेक्षा आणि मिळालेली सेवा यांचा मनातल्या मनात लावलेला ताळा. अपेक्षाच कमी असेल, तर अत्यंत सुमार सेवेवरही माणूस समाधानी राहतो. ‘माझ्यासारख्या गरिबाला पाहिले हेच खूप’ असे मानणारा रुग्ण ५ पैकी ५ देतो. म्हणून गेल्या तीन-चार दशकांत अभ्यासकांचा कल ‘तुम्ही समाधानी आहात का’ यापेक्षा ‘तुमच्या बाबतीत काय घडले’ असे विचारण्याकडे वळला आहे.

रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचे अमेरिकेतले एचकॅप्स सर्वेक्षण याचे ठळक उदाहरण आहे. त्याचे निकाल २००८ पासून रुग्णालयवार जाहीर होतात. डॉक्टरांनी समजेल असे सांगितले का, मदत मागितल्यावर ती लगेच मिळाली का, असे प्रश्न त्यात असतात आणि उत्तरे ‘कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी’ अशी असतात. ‘उत्तम’ आणि ‘चांगले’ यांत रुग्ण गोंधळेल, ‘कधीकधी’ आणि ‘नेहमी’ यांत सहसा गोंधळणार नाही. शिवाय घरी गेल्यानंतर ४८ तास उलटल्याशिवाय विचारायचे नाही आणि ४२ दिवसांच्या आत विचारणे सुरू करायचे, असा तेथे नियम आहे. काउंटरवरचा फॉर्म त्यात बसतच नाही.

तेथल्या एका चुकीपासूनही शिकण्यासारखे आहे. २०१२ पासून या गुणांवर रुग्णालयांच्या सरकारी देयकांचा काही भाग अवलंबून ठेवला गेला. प्रश्नांमध्ये वेदना किती आटोक्यात ठेवली गेली हेही विचारले जाई. गुणांच्या दबावामुळे अफूजन्य वेदनाशामके सढळ हाताने दिली जातील, अशी चिंता डॉक्टरांनी व्यक्त केली. अखेर ते प्रश्न आर्थिक वर्ष २०१८ पासून देयकांच्या हिशेबातून वगळावे लागले, त्यांच्या जागी आलेले वेदनेविषयीच्या संवादाचे प्रश्नही २०१९ मध्ये सर्वेक्षणातूनच काढावे लागले. मोजमापाला पैसा किंवा शिक्षा जोडली, की वागणूक मोजमापाभोवती फिरू लागते. सिस्टरांनी सांगितलेला खुलाशाचा प्रकार हाच आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ सुरू केले. त्यात रुग्णालयाबाहेरच्या यंत्रणेकडून एसएमएस किंवा फोनद्वारे विचारणा होते. विचारणारा आणि सेवा देणारा वेगळे ठेवण्याचे हे तत्त्व छोट्या रुग्णालयालाही पाळता येईल.

हिशेबाबाबत दोन गोष्टी सांगतो. सरासरी काढू नका, ‘नेहमी’ म्हणणारे किती टक्के ते लिहा, कारण सरासरीत आजोबांसारखी माणसे विरून जातात. आणि महिन्याला ३० जणच बोलले असतील, त्यांपैकी २१ जणांनी ‘नेहमी’ म्हटले असेल, तर ७० टक्के हा आकडा निव्वळ योगायोगानेही १५-१६ टक्क्यांनी खालीवर होऊ शकतो. त्यामुळे दरमहा चढउतार पाहून आनंद किंवा खेद करू नये, तिमाही एकत्र करावी. निवडही ठरवून करा, उदाहरणार्थ डिस्चार्ज रजिस्टरातले प्रत्येक पाचवे नाव. नातेवाइकाने उत्तर दिले असेल, तर तशी वेगळी नोंद ठेवा.

उत्तर ३ – एका रुग्णाची मुलगी

मी या क्षेत्रातली नाही. माझ्या आईचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, त्यानंतर दोन आठवड्यांनी रुग्णालयातून अशाच चौकशीचा फोन आला होता. “हॉस्पिटलातून बोलतोय” एवढे ऐकताच आईचा चेहरा उतरला. रिपोर्टमध्ये काही निघाले असावे, असे तिला वाटले. त्यामुळे पहिल्याच वाक्यात ‘काळजीचे कारण नाही, हा फोन तपासणीचा किंवा बिलाचा नाही’ असे सांगायला हवे.

नंतर मात्र ती वीस मिनिटे बोलली. जेवण, स्वच्छता, औषधे यांबद्दल तिची तक्रार नव्हती. राऊंडला आलेले डॉक्टर तिच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून सगळे माझ्या भावाला सांगत, तिच्याशी एक शब्द बोलत नसत, हे तिला लागले होते. “पोट माझं कापलं ना,” असे ती म्हणाली. आम्हा भावंडांना हे तोवर ठाऊक नव्हते. भावाने भरलेल्या फॉर्ममध्ये डॉक्टरांच्या संवादासाठी पूर्ण गुण होते, कारण त्याच्याशी खरोखरच उत्तम संवाद झाला होता.

घरी जाण्याची परवानगी सकाळी दहाला मिळाली होती आणि मेडिक्लेमची मंजुरी येऊन आम्ही निघालो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. यावरही एक प्रश्न ठेवावा.

दक्षिणकोकणी

सर्वांचा आभारी आहे. फॉर्म काउंटरवरून उचलला आहे. पुढच्या महिन्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसादरम्यान, आमच्या गावातल्या एक निवृत्त शिक्षिका रुग्णांना फोन करतील. प्रश्न सहाच ठेवले आहेत. डॉक्टर तुमच्याशी बोलले का, रात्री बोलावल्यावर कोणी आले का, निघायला सांगितल्यापासून प्रत्यक्ष निघेपर्यंत किती वेळ गेला, हे त्यांत आहेत. शेवटी ‘पुन्हा दाखल व्हावे लागले, तर काय वेगळे व्हावे असे वाटते’ हा मोकळा प्रश्न आहे. कारवाई न करण्याचे पत्र विश्वस्तांकडून अद्याप मिळालेले नाही, ते मिळेपर्यंत वॉर्डाचे नाव अहवालात घालणार नाही.

सिस्टर, काल रात्रपाळीच्या वेळी मी पुरुष वॉर्डातल्या सर्व २२ खाटांच्या बेल दाबून पाहिल्या. पाच वाजत नाहीत. त्यांत १४ नंबरची आहे, आजोबा त्याच खाटेवर होते.