गॅरेजचं शटर बदलायचंय, दोन कोटेशनमध्ये दुपटीहून जास्त फरक. मदत हवी आहे

हर्णैकर:
दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी गॅरेजचं जुनं रोलिंग शटर खालून सडलंय. शेवटच्या पट्ट्यांचे हाताने तुकडे पडतात. एक फॅब्रिकेटर २८ हजार म्हणतो, दुसरा ६१ हजार. दोघंही सांगतात माल एक नंबर. शनिवारी ॲडव्हान्स द्यायचाय. आईबाबा तिथे दोघंच असतात आणि गॅरेज सध्या उघडंच आहे. खरी किंमत किती असायला हवी? लवकर सांगा प्लीज.

पट्टीवाला:
माप?

रानवारा:
हाताने ओढायचं की मोटरवालं? समुद्र किती लांब? पत्रा किती गेजचा, म्हणजे किती जाड? यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग किंमत कशी सांगणार?

हर्णैकर:
दार नेहमीचंच आहे हो, एका गाडीचं. १० फूट रुंद, ८ फूट उंच. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. ६१ मध्ये मोटर आहे. गेज दोघांनीही लिहिलेलं नाही.

पट्टीवाला:
मग हे दोन वेगवेगळ्या वस्तूंचे भाव झाले, तुलना कसली करताय? माझा फॅब्रिकेशनचाच धंदा आहे, कोल्हापूरला. आधी विचारा की चौरस फूट कशाचे धरलेत. तुमचं दार ८० चौ. फूट. पण पट्ट्या दोन्ही बाजूंच्या गाईड चॅनेलमध्ये शिरतात आणि वर पाइपावर गुंडाळी राहते, म्हणून बरेच जण साडेदहा बाय साडेनऊ धरतात. तिथेच १०० चौ. फूट होतात. यात लबाडी नाही, तेवढा पत्रा खरंच लागतो. पण एकाने ८० वर दर लावला आणि दुसऱ्याने १०० वर, तर नुसता दर बघून काही कळत नाही. दुसरं, १८ टक्के जीएसटी आत आहे की वर? २८ वर लागला तर ३३,०४० झाले. तिसरं गेज. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७. आकडा वाढला की पत्रा पातळ, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

मीनल_न्यूजर्सी:
शटर कशाला? आमच्याकडे सगळीकडे सेक्शनल दारं असतात, आडव्या फळ्यांची, रुळावरून वर जाऊन छताखाली आडवी होणारी. छान दिसतात आणि थंडीही अडवतात. वरची टॉर्शन स्प्रिंग (दाराचं वजन पेलणारी, पीळ दिलेली) साधारण १०,००० वेळा उघडमीट करायला बनवलेली असते. दिवसाला चार वेळा धरलं तरी सात वर्षं होतात. ती तुटली तर स्वतः हात लावू नका, फार ताण असतो तिच्यात.

रानवारा:
मीनलताई, कोकणात थंडी कुठली अडवायची? आणि त्या दाराला आत सपाट, मोकळं छत लागतं. यांचं गॅरेज कौलारू उतरतं असेल तर रूळ टांगणार कुठे? शिवाय रोलर, बिजागऱ्या, स्प्रिंग, सगळं खाऱ्या हवेत. मी तर म्हणतो शटरही नको. दोन पाखी फोल्डिंग दार करा, सागवानाचं. माझ्या आजोळचं अजून ठणठणीत आहे.

पट्टीवाला:
सागवानाचा आजचा भाव विचारून या आधी.

रानवारा:
एकदाच करायचं, चांगलं करायचं. पत्र्यावर परत परत खर्च कशाला?

दापोलीची_सून:
मोटरबद्दल लिहिते, कारण घरात वयस्कर माणसं आहेत. निसर्ग वादळानंतर (जून २०२०) आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. मोटर घ्याच, पण वीज गेल्यावर शटर चालवायची हातसाखळी आहे ना, आणि ती बाबांना ओढता येते ना, हे बसवणाऱ्यासमोर करून बघा. गॅरेजला दुसरं दार नसेल आणि साखळी आतल्या बाजूला असेल, तर बाहेरचा माणूस काय करणार?

मीनल_न्यूजर्सी:
खाली सेन्सरही लावून घ्या. मध्ये काही आलं की दार उलट फिरतं. अमेरिकेत १९९३ पासून घरच्या मोटरच्या दारांना अशी सोय सक्तीची आहे, मुलं दबून मेल्यामुळे. तिथे मांजरं-कुत्री फिरत असतीलच.

घाटमाथा:
शटरच्या गुंडाळीत चिमण्या घरटं करतात. विणीच्या दिवसांत काम काढू नका.

हर्णैकर:
चिमण्यांचं नंतर बघू. दोघांनाही फोन केला. २८ वाला २२ गेज देतोय, जीएसटी वेगळा, माप ८० वर. ६१ वाला १८ गेज जीआय (जस्ताचा थर दिलेला पत्रा), माप १०० वर, जीएसटी आणि हातसाखळी धरून. सेन्सर नाही. गॅरेज कौलारूच आहे. आता?

पट्टीवाला:
आता बोलता येईल. समुद्राजवळ ०.७ चा पत्रा नकोच, मोटर असो वा नसो. ६१ वाल्याकडून मोटरशिवायचा भाव वेगळा लिहून घ्या. जस्ताचा थर किती ग्रॅमचा तेही विचारा, १२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आणि २७५ मध्ये गंज धरायला बराच फरक पडतो. खालची पट्टी आणि कुलपाची जागा स्टेनलेसची मागा, तुमचं जुनं तिथूनच सडलंय. कापलेल्या कडांना झिंकचा रंग मारल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. गाईडमध्ये ग्रीस भरू देऊ नका, वाळू चिकटते.

रानवारा:
सागवानाचा भाव विचारला. शटरच करा. पण गाडी कोणती आहे? वर कॅरियर असेल तर गुंडाळी आणि खालची पट्टी धरून मोकळी उंची किती उरते ते आधी मोजा.