जॉबवर्कचं वर्कशॉप लातूरला टाकू का चाकणलाच?

मांजराकाठचा: चाकणला बरीच वर्षं व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) काम केलंय, आता स्वतःचं छोटं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट मजुरीवर करून द्यायचं काम, चालू करायचंय. घरचे म्हणतात लातूरला ये, जागा आपली आहे, भाडं वाचेल आणि मराठवाड्यात सबसिडीपण मिळते. इकडं गाळ्याचं भाडं ऐकूनच पोटात गोळा येतो. काय करू?

शिरोलीकर: भावा, भाडं नंतर, आधी काम कुणाच्या दारात आहे ते बघ. कोल्हापुरात फौंड्र्या, म्हणजे धातू ओतायचे कारखाने, उगाच नाही आल्या, ऊस होता, उसाला पाणी लागतंय म्हणून ऑइल इंजिनं आली, ती दुरुस्त करणारे मिस्त्री तयार झाले, मग तेच इंजिनं बनवाय लागले, त्याला कास्टिंग (ओतीव पार्ट) पाहिजे म्हणून फौंड्री, आणि आज तीच फौंड्री गाड्यांचे पार्ट ओतते. वीज महाग म्हणून कर्नाटकात जायची भाषा इथं किती वेळा झाली, पण बहुतेक लोक इथंच आहेत कारण कारागीर इथं आहे, एका गल्लीत कास्टिंग आणि पुढच्या गल्लीत मशीनिंग. चाकणचा माल तीनशे किलोमीटरवर लातूरला नेऊन परत आणलास तर मजुरी टेम्पोभाड्यातच जाईल.

डाळमिलवाला: चाकणचं काम लातूरला आणू नको हे बरोबर, पण लातूरला काम नाही असं नाही. इथं डाळमिल आहेत, सोयाबीनचे तेलाचे प्लांट आहेत, रोलर, शाफ्ट, एलिव्हेटर, चाळण्या, काही ना काही मोडतंच. तुरीची आवक जोरात असताना शाफ्ट गेला तर मालक भाव करत बसत नाही, आजच्या आज करून दे म्हणतो. पण इथला पैसा पावसावर आहे. पाऊस गेला की आवक कमी, मिल अर्ध्या चालतात आणि तुझी उधारी अडकते, २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आम्ही भोगलंय. म्हणून कर्ज काढून व्हीएमसी लगेच घेऊ नकोस, लेथ, वेल्डिंग आणि एक जुनं मिलिंग एवढ्यावर चालू कर. लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कोच फॅक्टरीच्या भरवशावर तर अजिबात नको, तिथलं काम छोट्या वर्कशॉपपर्यंत आलं की मग बघू.

मांजराकाठचा: आणि सबसिडी?

डाळमिलवाला: ती धंदा चालू झाल्यावर, कागदं दिल्यावर येते. भांडवलात धरू नको. जानेवारी-फेब्रुवारीत, तुरीच्या हंगामात, सुट्टी काढून एमआयडीसीत चक्कर मार, मिलवाल्यांना विचार मोडलेलं काम कुठं पाठवता आणि किती दिवसांनी परत येतं.