मोसुलचे ३९ जण आणि मंत्र्यांचं उत्तर

कुणीतरी म्हणतं की परराष्ट्रमंत्र्यांना विचारलेले प्रश्न दिल्लीपुरतेच, घरच्या प्रश्नांशी त्यांचा संबंध नाही. मला हे अजिबात पटत नाही. इराकमधलं मोसुल आठवा.

जून २०१४ मध्ये आयसिसने तिथे ४० भारतीय मजूर पकडले, एक सुटून आला. बहुतेक पंजाबचे, काही हिमाचल, बिहार, बंगालचे. गावात काम नाही म्हणून एजंटला पैसे देऊन गेलेली ही पोरं. बाकीचे मारले गेले, असं सुटलेला तरुण सांगत होता. पण तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांची भूमिका २०१७ मध्ये लोकसभेतही वेगळी होती: पुराव्याशिवाय कुणाला मृत ठरवणं पाप आहे.

२० मार्च २०१८ ला त्यांनी राज्यसभेत सांगितलं की ३९ जण मारले गेले. मोसुलजवळच्या बदूश गावात टेकडीखाली सापडलेले लांब केस, कडं, इराकी नसलेले बूट, मग डीएनएची जुळणी. ते ऐकताना अंगावर काटा आला होता.

पुराव्याची वाट पाहिली हे मी बरोबरच मानतो. पण घरच्यांना ही बातमी टीव्हीवरून कळावी? आधी सभागृहाला सांगायची प्रथा, हे त्यांचं उत्तर नियमाला धरून होतं, तरी त्या आयांना एक फोन आधी जायलाच हवा होता. चार वर्षं आशेवर बसल्या होत्या हो त्या.

आणि पोरांना तिकडे धाडणाऱ्या बेकायदा एजंटांचं काय, हा प्रश्न घरचा की परराष्ट्राचा, तुम्हीच सांगा.