१५० मागे १ ते ३१ मागे १: स्वमग्नता वाढली की नोंद वाढली?

शेवंती:

स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, सीडीसीने (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने) दिलेले आकडे बहुतेकांनी पाहिले असतील. आठ वर्षांच्या मुलांमध्ये २००० साली १५० मागे १, २०१०ला ६८ मागे १, २०२०ला ३६ मागे १, आणि एप्रिल २०२५च्या अहवालात (पाहणीचं वर्ष २०२२) ३१ मागे १. हीच चढण पुढे करून २२ सप्टेंबर २०२५ला व्हाइट हाउसमधून गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलकडे बोट दाखवलं गेलं. नोव्हेंबरात सीडीसीच्या संकेतस्थळावरचा मजकूरही बदलला. 'लसींमुळे ऑटिझम होत नाही' हे विधान पुराव्यावर आधारलेलं नाही, असं तिथे आता लिहिलंय.

या सगळ्याचे तुकडे मराठी व्हॉट्सॲप गटांत फिरताहेत आणि अंगणवाडीताईंना गरोदर बाया त्याबद्दल विचारतात. त्यांच्यासाठी माहितीचा कागद तयार करायचाय, म्हणून विचारते. हा आकडा नेमका काय मोजतो? वाढीतला किती भाग नोंदीचा आणि किती खरा? पॅरासिटामॉलबद्दल काय लिहावं? आणि भारताचा असा आकडा का सापडत नाही?

ओळंबा:

आकडा कसा तयार होतो ते आधी पाहा, बराच गुंता तिथेच सुटतो. सीडीसी मुलांना तपासत नाही. ठरावीक भागांतल्या दवाखान्यांचे आणि शाळांच्या विशेष शिक्षणाचे कागद दर दोन वर्षांनी चाळले जातात. त्या वर्षी आठ वर्षांच्या असलेल्या किती मुलांच्या कागदावर ऑटिझमची नोंद आहे, ते मोजतात. २०१८च्या फेरीपासून नियम असा: पात्र तज्ज्ञाचं लेखी निदान, किंवा शाळेने ऑटिझम गटात केलेली नोंद, किंवा ऑटिझमचा आयसीडी कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक). तिन्हींपैकी एक पुरे. त्याआधी तज्ज्ञ कागदांतली वर्णनं वाचून स्वतः ठरवत. म्हणजे २००० आणि २०२२ या दोन टोकांना मोजपट्टीसुद्धा एक नाही.

२०२२च्या फेरीत १६ ठिकाणं होती. टेक्सासमधल्या लरेडोत हजारी ९.७, तर कॅलिफोर्नियाच्या केंद्रात हजारी ५३.१. एकच देश, एकच वर्ष, आणि फरक पाचपटीहून जास्त. कॅलिफोर्नियाच्या त्या भागात बालरोगतज्ज्ञांना अगदी लहान वयात चाळणी करायला शिकवणारा स्थानिक उपक्रम चालतो. लरेडोतली मुलं निराळ्या मातीची नाहीत. तिथे निदानापर्यंत पोचणारी वाट अरुंद आहे.

दुसरी खूण वंशाची. बरीच वर्षं गोऱ्या मुलांची नोंद जास्त असायची. २०२०च्या फेरीत पहिल्यांदा चित्र उलटलं: गोरी मुलं हजारी २४.३, कृष्णवर्णीय २९.३, हिस्पॅनिक ३१.६, आशियाई ३३.४. वीस वर्षांत शरीरं अशी उलटीपालटी होत नाहीत. डॉक्टरपर्यंत कोण पोचतं ते बदलतं.

आता व्याख्येकडे. १९४३मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन लिहिलं, त्यातून जी चौकट तयार झाली ती फार अरुंद होती. १९६६चा इंग्लंडमधल्या मिडलसेक्सचा व्हिक्टर लॉटर यांचा आकडा याच चौकटीतला, दहा हजारी ४.५. १९७९मध्ये लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातली मुलं पाहिली. कॅनरच्या चौकटीत बसणारी दहा हजारी ५च्या आसपासच निघाली, पण माणसामाणसांतल्या देवाणघेवाणीत अडचण असलेली २१ निघाली. तीच वस्ती, तीच मुलं, रेघ कुठे मारली एवढाच फरक. पुढे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानसूचीने, म्हणजे डीएसएमने, ही रेघ टप्प्याटप्प्याने बाहेर सरकवली. १९८०मध्ये ऑटिझम पहिल्यांदा स्वतंत्र निदान झालं, १९९४मध्ये ॲस्परगर (बोलणं आणि बुद्धी शाबूत असलेल्यांसाठीचं निदान) आलं, २०१३मध्ये सगळं एका वर्णपटात आलं आणि एडीएचडीसोबत (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) ऑटिझमचंही निदान करायची मुभा मिळाली.

माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा मोठ्या माणसांचा आहे, आणि तोच सगळ्यात कमी सांगितला जातो. २००७मध्ये इंग्लंडात घरोघरी जाऊन प्रौढांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०११मध्ये आले. प्रमाण हजारी ९.८, आणि वय वाढेल तसं ते घटलेलं दिसलं नाही. ही गोष्ट नव्याने आलेली साथ असती, तर साठीच्या माणसांत ती जवळपास दिसायलाच नको होती.

दुरेघी:

ओळंबा यांचं बहुतेक पटतं, पण 'सगळी वाढ कागदावरची' असा अर्थ कुणी काढू नये. डेन्मार्कमध्ये १९८० ते १९९१ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा अभ्यास २०१५मध्ये आला. तिथे १९९४मध्ये निदानाचे निकष बदलले आणि १९९५पासून बाह्यरुग्णांची निदानंही नोंदवहीत येऊ लागली. या दोन्हींनी मिळून सुमारे ६० टक्के वाढ समजावता आली. उरलेल्या ४० टक्क्यांत जाणीव वाढल्याचा भाग असेलच, पण सगळं त्यातच बसतं असं तो अभ्यास म्हणत नाही.

दुसरं, ज्यांना दिवसरात्र कुणीतरी सोबत लागतं अशी मुलं. शब्द जवळजवळ नाहीत किंवा बुद्ध्यंक ५०च्या खाली, अशा मुलांसाठी 'तीव्र ऑटिझम' ही संज्ञा २०२१मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने सुचवली. सीडीसीच्याच कागदांवरून २००० ते २०१६चा हिशोब मांडला गेला तेव्हा अशी मुलं हजारी २.७ वरून ४.६ झालेली दिसली. बाकीची ३.९ वरून १४.३. मुख्य फुगवटा सौम्य बाजूला आहे हे खरं, पण तीव्र बाजूही जागची हलली. अशा मुलाकडे पूर्वी कुणाचं लक्षच गेलं नसेल, हे मला पटत नाही.

खरी वाढ घडवू शकतील अशी कारणं माहीत आहेत: आईवडिलांचं वाढलेलं वय, विशेषतः वडिलांचं, आणि फार लवकर जन्मलेली बाळं आता वाचतात. यातून दहापट वाढ होत नाही, पण शून्यही म्हणता येत नाही.

ओळंबा:

मुद्दा रास्त आहे, '४० टक्के' जरूर लिहावं. तीव्र गटाबद्दल एक जोड. त्या मुलाकडे लक्ष जायचंच, पण पाटी दुसरी लागायची. कॅलिफोर्नियाच्या सेवा-नोंदी तपासून किंग आणि बेअरमन यांनी २००९मध्ये दाखवलं की १९९२ ते २००५ या काळातल्या वाढीपैकी सुमारे चौथा हिस्सा, २६.४ टक्के, हा आधी 'मतिमंद' म्हणून नोंदवली जाणारी मुलं ऑटिझमच्या रकान्यात गेल्यामुळे होता. अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यातही ऑटिझमचा वेगळा रकाना १९९०मध्येच आला. रकानाच नव्हता तेव्हा शाळा त्यात मूल नोंदवणार कशी?

कासवचाल:

कारणांबद्दल लिहितो. कागदात पहिल्या ओळीत हे घ्या: मोठा वाटा आनुवंशिक आहे. १९६०च्या दशकात आईच्या थंडपणाला दोष देत. ब्रूनो बेटलहाइम यांनी तो विचार अमेरिकेत घराघरांत पोचवला, आणि कित्येक आयांनी तो आयुष्यभर वाहिला. १९७७मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी २१ जुळ्या जोड्या तपासल्या. एकबीज ११ जोड्यांपैकी ४मध्ये दोघांनाही ऑटिझम, द्विबीज १० जोड्यांपैकी एकाही जोडीत नाही. २०१९चा डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वीस लाख मुलांचा अभ्यास आनुवंशिक वाटा ८० टक्क्यांच्या आसपास धरतो. आईवर ठपका ठेवायची ती जुनी खोड पॅरासिटामॉलच्या निमित्ताने परत येतेय, याचं मला फार वाईट वाटतं.

लसीवर फार शब्द घालवू नका. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा, वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांचा १९९८चा १२ मुलांवरचा लेख लॅन्सेटने २०१०मध्ये मागे घेतला आणि त्यांचा वैद्यकीय परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या पाहणीत (२०१९) गोवर-गालगुंड-रुबेला लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत फरक निघाला नाही. जपानात १९९३मध्ये ती एकत्र लस बंद झाली, तरी योकोहामात ऑटिझमची निदानं वाढतच राहिली.

पॅरासिटामॉल मात्र नीट समजावून सांगा, कारण 'संबंध आढळला' हे वाक्य खोटं नाही. काही अभ्यासांत तो आढळतो. प्रश्न असा की गोळी घेणारी बाई आणि न घेणारी बाई यांच्यात गोळीखेरीज आणखी काय वेगळं आहे. गोळी घेणारीला ताप असतो, जंतुसंसर्ग असतो, अर्धशिशी असते. गरोदरपणातला ताप आणि संसर्ग यांचाच बाळाच्या मेंदूच्या वाढीशी संबंध दिसतो, आणि दुखण्याची प्रवृत्ती बरीचशी घराण्यातून येते. हा गुंता सोडवायला भावंडं उपयोगी पडतात: तीच आई, एका खेपेला गोळी घेतली, दुसऱ्या खेपेला नाही. स्वीडनमध्ये २४.८ लाख मुलांवर हे केलं, २०२४मध्ये निष्कर्ष आले. साध्या तुलनेत धोक्याचं गुणोत्तर १.०५, म्हणजे पाच टक्के जास्त. भावंडांची तुलना केली तेव्हा ०.९८, म्हणजे फरक नाही.

दुरेघी:

त्या अभ्यासातली एक उणीव सांगायलाच हवी. स्वीडिश नोंदींत फक्त ७.५ टक्के गरोदर बायांनी गोळी घेतल्याचं दिसतं. दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या त्यात बऱ्याच सुटल्या असणार. अशी चुकीची नोंद असली की भावंडांच्या तुलनेत असलेला फरकही पुसट होतो.

कासवचाल:

खरंय, म्हणून 'अजिबात संबंध नाही हे सिद्ध झालं' असं लिहू नका. 'कारण असल्याचं दिसत नाही, आणि असलाच तर परिणाम फार लहान आहे' इथपर्यंत लिहा. आणि त्याच परिच्छेदात पुढचंही घाला, कारण घबराटीत चूक इथेच होते: गोळी टाळायची म्हणून ताप अंगावर काढणं बाळासाठी जास्त वाईट. पॅरासिटामॉलऐवजी आयबुप्रोफेन घेणं तर आणखी चुकीचं. २० आठवड्यांनंतर त्याने गर्भाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. म्हणून ताप आला की डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढीच मात्रा, लागतील तेवढेच दिवस.

ज्या औषधाचा पुरावा खरोखर भक्कम आहे, त्याची चर्चा मात्र कुणी करत नाही: फिटांसाठीचं व्हॅल्प्रोएट. डेन्मार्कच्या २०१३च्या अभ्यासात गर्भात असताना ते मिळालेल्या मुलांत ऑटिझम ४.४२ टक्के, एरवी १.५३ टक्के. फिटांचं औषध चालू असलेल्या बाईने दिवस जाण्याआधीच डॉक्टरांकडून ते बदलून घ्यावं. स्वतःहून एकदम बंद केलं तर मोठी फिट येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

व्हाइट हाउसच्या सप्टेंबरच्या त्याच घोषणेत ऑटिझमवरचा उपाय म्हणून ल्युकोव्होरिन या औषधाचं नाव आलं होतं. ते फोलिनिक ॲसिड, गरोदरपणात मिळणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वेगळ्या. नावांच्या गोंधळात कुणी चालू गोळ्या बंद करू नयेत.

नदीकाठ:

भारताचा आकडा का नाही, तर आपल्याकडे रकाना फार उशिरा आला. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो होता, पण दाखला १९९५च्या यादीप्रमाणे मिळायचा. परिणामी बुद्ध्यंक ७०च्या खाली असलेलं स्वमग्न मूल 'मतिमंद' म्हणून नोंदलं जायचं, आणि बुद्ध्यंक ९५ असलेल्याला काहीच मिळायचं नाही. २०११च्या जनगणनेतही वेगळा रकाना नव्हता. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ला लागू झाला आणि २१ प्रकारांत ऑटिझम आला. त्यामुळे दाखल्यांची संख्या पुढे चढताना दिसली, तर तिला साथ म्हणू नका.

दाखल्यासाठी आयएसएए ही भारतीय मापनपट्टी वापरतात. सहा विभाग, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. ७०च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. ७० गुणांना ४० टक्के दिव्यांगत्व धरतात आणि बऱ्याच सवलतींची पायरी तीच आहे. अडचण नेहमी एकच येते: मूल अनोळखी खोलीत अर्धा तास गप्प बसलं की तपासणाऱ्याला काही मुद्दे दिसतच नाहीत. घरातले, शाळेतले छोटे व्हिडिओ आणि शिक्षकांचं लेखी निरीक्षण सोबत न्यावं.

भारतात घरोघरी जाऊन केलेली एक चांगली पाहणी आहे, २०१८ची. पलवल, कांग्रा, ढेंकनाल, हैदराबाद आणि आपला उत्तर गोवा, अशी पाच ठिकाणं, २ ते ९ वयाची ३,९६४ मुलं. तिचा '१३.६ टक्के' हा आकडा 'भारतात एवढी मुलं ऑटिस्टिक' असा फिरवला जातो. तो चूक आहे. तो ६ ते ९ वयातल्या सगळ्या मज्जाविकासाच्या अडचणींचा आहे: बहिरेपण, दृष्टिदोष, फिट्स, सेरेब्रल पाल्सी, शिकण्यातल्या अडचणी, सगळं धरून. ३१ मागे १च्या शेजारी तो ठेवूच नका.

शेवंती:

सगळ्यांचे आभार. ताईंना चाळणीसाठी एम-चॅट, म्हणजे पालकांना विचारायची ऑटिझमची प्रश्नावली, शिकवावी का? तिच्यात काय चुकतं? आणि कागदात 'स्वमग्नता' लिहू की 'ऑटिझम'?

नदीकाठ:

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी शिकवा. २० प्रश्न, हो किंवा नाही. बहुतेक प्रश्नांत 'नाही'ला गुण, पण २, ५ आणि १२ या तीन प्रश्नांत उलट, 'हो'ला गुण: ऐकू येत नाही असं कधी वाटलं का, डोळ्यांजवळ बोटांच्या विचित्र हालचाली करतं का, रोजच्या आवाजांनी अस्वस्थ होतं का. बेरीज चुकते ती इथेच. ० ते २ कमी धोका. ३ ते ७ आले तर थेट पाठवायचं नाही, उत्तरागणिक पाठपुरावा-मुलाखत घ्यायची. ही पायरी गाळली की निष्कारण घाबरलेले पालक वाढतात. ८ किंवा जास्त आले तर मुलाखतीसाठी थांबू नका, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवा. दोन्ही बाबतींत श्रवणचाचणीही करून घ्या, ऐकू न येणारं मूलही हाक मारली की वळत नाही.

शब्द दोन्ही लिहा, पण 'ऑटिझम' आधी. 'स्वमग्न' ऐकलं की मूल आपल्याच तंद्रीत आहे, मुद्दाम बोलत नाही, असं आजीआजोबांना वाटतं. १९११मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणाला हे नाव दिलं, तोच अर्थ मराठी शब्दात उतरलाय. पण ऑटिझम असलेल्या कित्येक मुलांना माणसं हवी असतात, जवळ कसं जायचं ते उमजत नाही. शब्दाखाली एवढी एक ओळ घातलीत तर ताईंना घरी समजावणं सोपं जाईल.