सहा दिवसांची डोंगरी शर्यत: रोज सकाळी पाय पुन्हा उभे राहावेत म्हणून तयारी कशी करावी? (एकाचा प्रश्न, तिघांची उत्तरं; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सपाटभूमी:

टप्प्यांच्या डोंगरी शर्यतीत नाव नोंदवलं आहे. सहा दिवस, एकूण २४० किमी, चढ १३,००० मीटर आणि उतारही जवळजवळ तेवढाच. रोजच्या टप्प्याला १३ तासांची मुदत. रात्री तंबूत मुक्काम, जेवण आयोजकांचं, मोठी बॅग आयोजक पुढच्या तळावर नेतात (मर्यादा १५ किलो). हातात पाच महिने आहेत. आजवर सर्वांत मोठं अंतर ५० किमी, तेही एका दिवसाचं. राहतो तो भाग पूर्ण सपाट, जवळचा डोंगर महिन्यातून एकदाच गाठता येतो.

विचारायचं आहे ते असं: सपाटीवर राहून उताराचा सराव कसा करायचा? पहिल्या दिवशी वेग किती ठेवायचा? फोड आले तर पुढचे दिवस कसे काढायचे? आणि रोज दहा-बारा तास चालताना किती खायचं?

उतारवाट:

आधी आकडे मांडा, सरावाचा हिशेब त्यातूनच निघतो. रोजचे सरासरी ४० किमी आणि सुमारे २,१७० मीटर चढ. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली दिलेला ठोकताळा आजही कामाचा आहे: ताशी ५ किमी, आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. म्हणजे ८ तास अधिक ३ तास ३७ मिनिटं, साधारण साडेअकरा तास. हा दमदार चालणाऱ्याचा वेळ झाला, थांबे न धरता. १३ तासांच्या मुदतीत तुमच्याकडे जेमतेम दीड तास शिल्लक राहतो. तेव्हा चढ न थांबता चालत काढणं, सपाटीला आणि सौम्य उताराला हलकं धावणं आणि पाण्याच्या थांब्यांवर रेंगाळायचं नाही, एवढं जमलं की मुदत सुटत नाही. तीव्र चढावर, साधारण १५ अंशांच्या पुढे, धावण्यापेक्षा चालणंच कमी खर्चाचं असतं, त्यामुळे तिथे चालण्याचा कमीपणा वाटू देऊ नका.

सल्ले वाचताना ते कुठल्या प्रकारच्या शर्यतीबद्दल आहेत हे बघा. इटलीतल्या तोर दे जेआँसारखी शर्यत (३३० किमी, २४,००० मीटर चढ, १५० तासांची मुदत) सलग असते, घड्याळ रात्रीही चालू असतं. तिथली झोपेची गणितं तुमच्या कामाची नाहीत. तुम्हाला रोज रात्र मिळते आणि ती पूर्ण वापरायची आहे.

आता उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार रोखून धरतो, त्यात स्नायूतंतूंना बारीक इजा होते. दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं, म्हणजे पहिल्या दिवशी उतारावर उधळलेला जोश तिसऱ्या दिवशी वसूल होतो. चांगली गोष्ट अशी की एकदा असा भार दिला की पुढचे काही आठवडे तोच भार स्नायूला कमी दुखावतो. म्हणून महिन्यातली एक डोंगरफेरी पुरेशी उपयोगी आहे, फक्त ती चढासाठी न वापरता उतारासाठी वापरा. लांब, सलग उतार निवडा. अशी शेवटची जोरकस फेरी शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी संपवा.

मधल्या आठवड्यांत:

– जिना. एक मजला ३ मीटरचा धरला तर दहा मजल्यांच्या ३४ फेऱ्यांत हजार मीटर होतात. लिफ्टने खाली येऊ नका, उतरणं हाच सरावाचा अर्धा भाग आहे. पहिल्या आठवड्यात ३०० मीटरवर थांबा.
– ट्रेडमिलवर १५ टक्के चढ आणि ताशी ५ किमी ठेवले की तासाला सुमारे ७४० मीटर चढ मिळतो. दांडा धरायचा नाही. धरला की पायांवरचा भार कमी होतो आणि आकडा खोटा ठरतो.
– २० ते २५ सेंमी उंच पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय सावकाश खाली आणणं, खाली यायला तीन सेकंद. प्रत्येक पायाला १२ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. उताराच्या सवयीला इतका जवळचा व्यायाम घरात दुसरा नाही.

सलग दिवसांचा सरावही हवा. दर आठवड्याला नको, त्याने दुखापतच पदरी पडते. पाच महिन्यांत तीन वेळा, सलग तीन दिवस: आधी ३-४-३ तास, मग ४-५-४, शेवटी ५-६-४. प्रत्येक गटानंतरचा आठवडा हलका. या गटांत नेमकं शर्यतीचं सामान, तेच बूट, तेच खाणं वापरा. शेवटचा गट आणि शर्यत यांत तीन आठवड्यांचं अंतर ठेवा.

वेगाबद्दल: पहिल्या दिवशी चढावरसुद्धा पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा. घड्याळातल्या हृदयगतीवर पहिले दोन दिवस विश्वास ठेवला तर चालेल. पुढे थकव्यामुळे तेवढ्याच श्रमाला हृदयगती कमी दिसू लागते आणि ‘अजून जोर लावता येईल’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तिसऱ्या दिवसापासून श्वासच ऐका.

पाऊलखूण:

पायांबद्दल सविस्तर लिहितो, कारण अशा शर्यती सोडाव्या लागतात त्यात फुफ्फुसांपेक्षा तळव्यांचा वाटा मोठा असतो.

फोड घर्षणाने येतो हे अर्धंच खरं आहे. त्वचा एका जागी अडकून राहते आणि आतलं हाड पुढेमागे सरकतं, त्यामुळे त्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. ओलसर, मऊ झालेली त्वचा बुटाला जास्त धरते, म्हणून ओल आणि उष्णता या मूळ शत्रू. बुटात खडा किंवा मातीचा कण गेला तर तिथल्या तिथे थांबा. दोन मिनिटं वाचवून चार दिवस घालवू नका. घोट्याभोवतीचे कापडी गेटर ही अडचण बरीच कमी करतात.

बूट दोन जोड्या न्या. पाय दिवसागणिक सुजतात, म्हणून दुसरी जोडी अर्ध्या मापाने मोठी, आणि तीही सरावात किमान ८० ते १०० किमी वापरलेली. उतारावर अंगठा पुढे आदळत असेल तर सगळी नाडी आवळू नका. सर्वांत वरच्या दोन भोकांतून फासा करून फक्त टाच मागे बांधा. नखं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी कापा आणि कड कानसीने घासा. कडेचा काठ राहिला तर प्रत्येक उतारावर तो शेजारच्या बोटात रुततो.

चिकटपट्टी लावायची ती जागा गरम लागायच्या आधी, कोरड्या त्वचेवर. टोकं गोल कापा, चौकोनी कोपरे मोज्यात गुंडाळले जातात. बोटाला लावताना सुरकुती राहिली तर तीच नवा फोड देते. पट्टीखाली व्हॅसलीन लावू नका, ती टिकत नाही. दोन्हींपैकी एकच निवडा.

फोड आलाच तर: लहान आणि न दुखणारा असेल तर झाका आणि सोडून द्या. मोठा, दाबाने दुखणारा असेल तर हात साबणाने धुवा, जागा जंतुनाशकाने पुसा, निर्जंतुक सुईने कडेला खालच्या बाजूला दोन-तीन छिद्रं पाडा, स्वच्छ कापडाने पाणी दाबून काढा. वरची त्वचा फाडू नका, तीच उत्तम मलमपट्टी आहे. त्यावर न चिकटणारा छोटा गॉझ आणि मग पट्टी. थेट चिकटपट्टी लावली तर संध्याकाळी काढताना त्वचाही सोबत येते. रक्त भरलेला फोड फोडायचा नाही. आजूबाजूला लाली पसरत असेल, पू असेल, ताप असेल तर वैद्यकीय तंबूत जा, घरगुती उपाय थांबवा.

तळावर पोचल्यावर पहिलं काम बूट काढणं. पाय धुवा, कोरडे करा, आणि शक्य तितका वेळ उघडे ठेवा. दिवसभर ओले राहिलेले पाय पांढरे आणि सुरकुतलेले दिसतील, त्या अवस्थेत त्यांना चालवलं की भेगा पडतात. रात्रीचे मोजे वेगळे, सैल आणि कोरडे ठेवा, त्यांना बुटात जाऊ द्यायचं नाही.

आणखी एक दुखणं, ज्याबद्दल आधी कोणी सांगत नाही: घोट्याच्या पुढच्या बाजूचा स्नायुबंध सुजतो, पाऊल वर उचलताना तिथे करकरल्यासारखं लागतं. घट्ट नाडी आणि लांब उतार ही नेहमीची कारणं. घोट्याच्या वळणावरचा नाडीचा आडवा टाका लगेच सोडून द्या, तिथे मऊ पट्टी ठेवा, बर्फ किंवा झऱ्याच्या थंड पाण्यात दहा मिनिटं. दोन्ही पाय सारखे दुखत असतील तर ते श्रमाचं दुखणं. एकाच बिंदूवर, पावलागणिक वाढणारं, चाल बदलायला लावणारं दुखणं असेल तर त्या दिवशी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कडेकपारी:

खाण्याचा हिशेब. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं तुमच्या वेगाला पुरतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिश्रणावर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण त्याला आतड्याची सवय लागते आणि तुम्हाला त्याची गरज नाही. ११ तासांत ५० ग्रॅम दराने ५५० ग्रॅम, म्हणजे सुमारे २,२०० कॅलरी. जेलच्या (धावपटूंच्या घट्ट, गोड खाण्याच्या) एका पाकिटात साधारण २५ ग्रॅम असतात. नुसत्या जेलवर सहा दिवस काढायचे तर १३० पाकिटं लागतील, आणि तिसऱ्या दिवशी गोड वासानेच मळमळेल. पहिल्या निम्म्या दिवसात घन पदार्थ, खारट पदार्थ, उकडलेला बटाटा, ब्रेड असं ठेवा. जेल शेवटच्या मोठ्या चढासाठी राखा. दर अर्ध्या तासाला गजर लावा, भूक लागण्याची वाट बघू नका.

टप्पा संपल्यावर पहिल्या अर्ध्या तासात खायला सुरुवात करा. पहिले चार तास वजनाच्या दर किलोला तासाला सुमारे १ ग्रॅम कर्बोदकं, आणि सोबत २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. ७० किलोच्या माणसाला तासाला ७० ग्रॅम. स्नायूंतलं ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) रात्रीत भरलं नाही तर दुसऱ्या दिवसाचा पहिला चढच जड जातो. भूक मेलेली असेल तर सूप आणि द्रवरूप खाणं चालतं.

पाणी तहानेनुसार. ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हा सल्ला धोक्याचा आहे. गरजेपेक्षा जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम १३५ मिलिमोल प्रतिलिटरच्या खाली जाऊ शकतं. बोटं फुगणं, अंगठी घट्ट होणं, डोकेदुखी, उलटी, गोंधळ, दिवसाअखेर वजन वाढलेलं असणं ही चिन्हं दिसली तर आणखी पाणी देऊ नका, लगेच वैद्यकीय मदत घ्या. मिठाच्या गोळ्या घेतल्या म्हणजे वाटेल तेवढं पाणी प्यायला मोकळीक मिळते, असंही नाही.

आयबुप्रोफेन आणि त्या वर्गातल्या वेदनाशामक गोळ्या शर्यतीत घेऊ नका. स्नायूंची झीज, पाण्याची कमतरता आणि ही गोळी, तिन्हींचा भार एकाच वेळी मूत्रपिंडावर येतो. लघवी कोलासारखी गडद झाली तर शर्यत तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जा.

आणि तळावरचं एक: पोटाचा संसर्ग अशा तळांवर झपाट्याने पसरतो. असा संसर्ग करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. जेवणाआधी साबण आणि पाणी. दुसऱ्याच्या पाकिटात हात घालू नका, पदार्थ तळहातावर ओतून घ्या.

सपाटभूमी:

खूप आभार. आणखी दोन शंका. सक्तीच्या सामानात शिवणी सीलबंद असलेलं जलरोधक जाकीट आहे. माझ्याकडे १२० ग्रॅमचं वाराविरोधी जाकीट आहे, हवामान कोरडं असेल तर तेच चालेल का? आणि काठ्या नेऊ का?

कडेकपारी:

नाही चालणार. उंची दर हजार मीटरला वाढली की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, त्यावर ओले कपडे आणि वारा आले की धडधाकट माणूस तासाभरात गारठतो. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किमीच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट, थंड पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला, २१ धावपटूंचा मृत्यू झाला. तेही सुदृढ धावपटू होते. वेग मंदावला की शरीर कमी उष्णता निर्माण करतं, आणि सहाव्या दिवशी तुमचा वेग मंद असणारच.

जाकीट, उबदार थर, टोपी आणि हातमोजे जलरोधक पिशवीत, पाठपिशवीच्या वरच्या भागात. थंडी वाजायच्या आधी, पावसाचे पहिले थेंब पडताच घाला, बोटं आखडल्यावर चेन लागत नाही. शिट्टी खांद्याच्या पट्ट्याला. मदतीचा आल्प्समधला संकेत: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं.

उतारवाट:

काठ्या जरूर न्या, नियमात बसत असतील तर. मांड्यांवरचा थोडा भार हातांवर जातो, आणि सहा दिवसांत तो थोडाही मोठा ठरतो. लांबी: काठी टेकवून उभं राहिल्यावर कोपर काटकोनात, उंचीच्या सुमारे ०.६८ पट. म्हणजे १७० सेंमी उंचीला साधारण ११५. खडकाळ उतारावर मनगटाचे पट्टे काढून ठेवा, काठी फटीत अडकली तर हात सोडवता आला पाहिजे. तीन महिने आधीपासून जिन्याऐवजी बाहेरच्या फेऱ्यांत वापरा, नाहीतर पहिल्याच दिवशी दंड आणि खांदे भरून येतील.

मोठ्या बॅगेत सहा पिशव्या करा, एकेका दिवसाच्या: मोजे, खाणं, चिकटपट्टीचे आधीच कापलेले तुकडे. वर दिवसाचा आकडा लिहा. पॉवर बँक आणि हेडलॅम्पची बॅटरी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत चार्ज झपाट्याने घटतो. कानात बोळे. पाठपिशवी झोपण्याआधी भरून ठेवा, पहाटे चारला अंधारात फक्त बूट आणि पाणी एवढंच उरलं पाहिजे.