जुनी .एचटीएमएल पानं पीएचपीतून चालवावीत का?

घाटमाथा
आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर शेकडो पानं आहेत, सगळी .एचटीएमएल, म्हणजे सर्व्हर जशीच्या तशी पाठवतो अशी साधी पानं. आता प्रत्येक पानाच्या तळाशी नवी पुस्तकं आणि कार्यक्रम आपोआप दिसायला हवेत. अपाचे या वेब सर्व्हरच्या एचटीअ‍ॅक्सेस या सेटिंगच्या फाइलीत एक अ‍ॅडहँडलरची ओळ (कुठली फाइल कोणी चालवायची ते, म्हणजे हँडलर, सांगणारी) घातली की हीच पानं पीएचपीच्या, म्हणजे सर्व्हरवर कोड चालवून पान बनवणाऱ्या भाषेच्या, हाती जातात. पत्ते बदलत नाहीत, बाहेरचे दुवे तुटत नाहीत. तरी जाणकार नाकं मुरडतात. अहो, १९९५ साली पीएचपी बाहेर आली तेव्हा तिचं नावच 'पर्सनल होम पेज' होतं. साध्या पानात कोड पेरायचा नाही तर मग करायचं काय?

पितळी अडकित्ता
ओळ घालायला कोणाची ना नाही. पण कित्येक होस्टिंगवाल्यांकडे हँडलरच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. त्यांनी आवृत्ती बदलली की तुमची ओळ निकामी, आणि बोंब मारणारं कोणी नाही. पान उघडतं. ब्राउझर '<?' पासून पहिल्या '>' पर्यंतचा मजकूर टिप्पणी समजून गिळतो, त्यामुळे फक्त तळाचा भाग गायब दिसतो. कोडात '->' असेल तर त्यापुढचं सगळं पानावर सांडतं. सोर्स पाहणाऱ्याला तर डेटाबेसचा पासवर्डही मिळेल. २००७ साली फेसबुकच्या पहिल्या पानाचा कोड असाच, चुकीच्या मांडणीच्या एका सर्व्हरमुळे बाहेर आला होता.

निशाचर
फेसबुकची ती फाइल .पीएचपीच होती की! म्हणजे हँडलर मोडला तर दोन्ही बुडणार. .एचटीएमएललाच का झोडपता? पासवर्ड वेब फोल्डरच्या बाहेर ठेवा, पानात फक्त इन्क्लूडची, म्हणजे दुसरी फाइल ओढून घेणारी, एक ओळ. गळलीच तर फाइलीचं नाव गळेल.

पितळी अडकित्ता
बरं, तो मुद्दा दिला. पण साध्या फाइलीला अपाचे 'शेवटचा बदल' ही तारीख जोडतो, म्हणून परत येणाऱ्या ब्राउझरला नुसतं ३०४, म्हणजे 'बदल नाही', सांगून भागतं. पीएचपी ती तारीख आपणहून पाठवत नाही. वर्षानुवर्षं न बदललेलं नियमावलीचं पानही दर वेळी अख्खं पाठवायचं.

निशाचर
वाचनालयाच्या संकेतस्थळाला असे किती लाख वाचक येणार आहेत?

कारकून
तुमचं चालू द्या, पण अ‍ॅडहँडलर नको. तो फाइलीच्या नावातलं कुठलंही एक्स्टेंशन (टिंबानंतरचा तुकडा) पकडतो, ते शेवटी नसलं तरी. सभासदांना फोटो चढवायची सोय असेल आणि कोणी 'सहल.एचटीएमएल.जेपीजी' नावाची फाइल टाकली, तर तिच्या पोटातला कोड सर्व्हर इमानेइतबारे चालवेल. फाइल्समॅचमध्ये शेवटी डॉलर असलेला नमुना द्या, म्हणजे .एचटीएमएलनेच संपणारी नावं पकडली जातील, आणि आत सेटहँडलर लिहा. आणि पीएचपी एफपीएमवर (अपाचेबाहेर, वेगळ्या प्रक्रियेत) असेल तर ती .एचटीएमएल चालवायला सरळ नकार देते. पानावर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' एवढंच. लिमिट एक्स्टेंशन्स ही सेटिंग त्यासाठीच आहे, पण ती पूलच्या (एफपीएमच्या प्रक्रियांच्या गटाच्या) कॉन्फिगमध्ये असते, एचटीअ‍ॅक्सेसमधून हलत नाही. आणखी एक: जुन्या पानांच्या डोक्यावर '<?एक्सएमएल' अशी ओळ आहे का बघा. शॉर्ट टॅग, म्हणजे नुसत्या '<?' ने कोड सुरू करायची सूट, चालू असतील तर पीएचपी ती आपलाच कोड समजते आणि पार्स एरर (कोड वाचता आला नाही अशी चूक) देते.

घाटमाथा
बऱ्याच पानांवर ती ओळ आहे! आणि सर्व्हर शेअर्ड, म्हणजे इतर संकेतस्थळांसोबत वाटून घेतलेला, त्यामुळे पूल आमच्या हातात नाही.

पितळी अडकित्ता
मग फाइलींची नावं .पीएचपी करा आणि रीराइटचा नियम लावा: मागणी .एचटीएमएलची, आतून .पीएचपी. ते एचटीअ‍ॅक्सेसमधून जमतं. बाहेरचा पत्ता तसाच राहतो. शॉर्ट टॅग मात्र बंदच करा.

निशाचर
आणि वाचनालयातल्या ताई सवयीनं .एचटीएमएल पान चढवतील त्याचं काय? त्याच नावाची .पीएचपी आधीच असेल तर नियम तीच दाखवणार. ताई दहादा चढवतील आणि दर वेळी जुनंच पान बघतील.

पितळी अडकित्ता
अट उलटी लावा. .एचटीएमएल फाइल असेल तर तीच जाऊ दे, नसेल तरच .पीएचपी.

निशाचर
म्हणजे ताईंनी हात लावलेल्या प्रत्येक पानावर नवी पुस्तकं दिसणार नाहीत. आणि घाटमाथा, तुम्हाला नेमकं तेच हवं होतं ना?